वजाला ओढलं की आवाज वाढतो

नव्या गाडीची किल्ली हातात देताना शोरूममधल्या बाईंनी मला एकच साधा प्रश्न विचारला होता. "सर, पॅडल शिफ्टर्स समजावून सांगू का?"

आणि मी म्हणालो, "माहीत आहेत."

बस, एवढंच. पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांतून घडलं.

तुम्ही म्हणाल, माहीत नव्हतं तर विचारायचं, सांगितलं असतं बिचारीने. पण मी रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क आहे. आमच्याकडे जो 'माहीत नाही' म्हणतो त्याच्या गळ्यात ते काम कायमचं पडतं. एकवीस वर्षांपूर्वी मी एकदाच म्हणालो होतो, की कोपऱ्यातलं लोखंडी कपाट कसं उघडतं ते मला माहीत नाही. ते कपाट अजून माझ्याकडे आहे. (अजून उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.) तेव्हापासून जिभेला वळणच पडलंय. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं 'माहीत आहे' बाहेर पडलेलं असतं.

घरी आल्यावर बायकोने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत बसली आणि नेमका तोच प्रश्न विचारला.

"अहो, स्टिअरिंगच्या मागे हे दोन कान कसले?"

"पॅडल."

"सायकलला असतं ते? मग ते पायाशी नको का?"

"ऑटोमॅटिकला हाताशी असतं," मी म्हणालो. माझा आवाज इतका ठाम होता की क्षणभर मलाच पटलं.

ती घरात गेल्यावर मी शोध लावायला बसलो. उजव्या कानावर अधिकचं चिन्ह होतं, डाव्यावर वजाचं. आता मला सांगा, टीव्हीच्या रिमोटवर अधिक-वजा कशासाठी असतं? आवाजासाठी! उभ्या गाडीत मी दोन्ही कान ओढून पाहिले. काहीच झालं नाही. रेडिओ बंद होता, त्यामुळे काही होणारही नव्हतं. म्हणजे माझा तर्क बरोबर निघाला. (ऑफिसात आम्ही चौकश्या अशाच पूर्ण करतो.) गाडीबरोबर चारशे पानांचं पुस्तक मिळालं होतं, पण ते सीलबंद पिशवीत होतं आणि नवी पिशवी फोडायचं माझ्या जिवावर आलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण आमचे सासरे मध्ये आले.

सासरे म्हणजे बाबा, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही. निवृत्तीनंतर त्यांचा डावा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता या पायाने क्लच दाबायचा नाही. त्या दिवसापासून बाबांचं गाडी चालवणं सुटलं. लायसन्स मात्र दर वेळी न चुकता नवं करून आणतात आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात. दुसऱ्याच्या गाडीत बसताना ते खिडकीतून बाहेर बघत नाहीत, चालवणाऱ्याच्या पायांकडे बघतात. माझ्या जुन्या गाडीत ते एकदाच बसले होते. उतरताना म्हणाले, "जावईबापू, माणूस तुम्ही चांगले आहात." त्यानंतर पुन्हा बसले नाहीत.

तर त्या रविवारी बाबांच्या जुन्या डेपोला पन्नास वर्षं होत होती. झाडून सगळे निवृत्त ड्रायव्हर सकाळी अकरा वाजता जमणार होते. डेपो घाटापलीकडे. बाबा म्हणत होते, मी बसने जाईन. बायको म्हणत होती, दारात नवी गाडी असताना या गुडघ्याने बसच्या पायऱ्या कशाला चढायच्या?

"ऑटोमॅटिक आहे म्हणे," बाबा म्हणाले. "म्हणजे आपोआप चालते?"

"साधारण," मी म्हणालो.

"मग तुम्ही पुढे कशाला बसता?"

"तसं नाही बाबा. हिची पॅडल हाताशी आहेत."

बाबांनी चष्मा काढला. "पॅडल हाताशी? मग पायांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

पण मुलीपुढे त्यांचं काही चालत नाही. शेवटी ते तयार झाले आणि एक अट घातली. "डेपोच्या फाटकात मी कशातून उतरतो ते सगळे बघणार आहेत. तिथे चाळीस ड्रायव्हर असतील. गाडीने एक आचका जरी दिला तरी मी वाटेत उतरेन आणि मागून येणाऱ्या बसला हात करेन."

मला रात्रभर झोप आली नाही असं मी म्हणणार नाही, कारण मला काहीही झालं तरी झोप येते. पण त्या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'बरी चालवता' असं ऐकायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सतरा वर्षं झाली लग्नाला. फार मागणं नव्हतं माझं.

रविवारी आम्ही निघालो. बाबा माझ्या शेजारी, बायको मागे. शहरातून गाडी अगदी लोण्यासारखी गेली. बाबा माझ्या पायांकडे बघत होते. घाट लागला, चढ सुरू झाला, आणि रेडिओवर कुणीतरी तार स्वरात गायला लागलं.

"अहो, आवाज कमी करा जरा," मागून हुकूम आला.

हाच तो क्षण, मी मनात म्हटलं. पडद्यावर बोटं न नाचवता, स्टिअरिंगवरचा हात न काढता, मी मोठ्या ऐटीत डाव्या हाताने वजाचा कान ओढला.

गाडी घुरर्र करून ओरडली.

"कमी म्हटलं मी!"

मी पुन्हा वजा ओढला. आता तर ती गळाच काढायला लागली.

"अहो, वाढवताय काय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कारखान्यातल्या कुणा विद्वानाने वायरी उलट्या जोडल्या होत्या! मी अधिकचा कान दोनदा ओढला. गाडी गप्प झाली.

"हं, आता जरा बरं," बायको म्हणाली.

म्हणजे नक्कीच उलटं. मनातल्या मनात मी कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदाही तयार केला. (विषय: स्टिअरिंगवरील आवाज-नियंत्रकाच्या जोडणीतील दोषाबाबत.)

थोड्या वेळाने तिच्या आवडीचं गाणं लागलं. पुढे खडा चढ होता. "हे वाढवा, हे वाढवा!" मी वजा ओढला, गाडी गरजली आणि चढ खाऊन टाकल्यासारखी वर निघाली.

"गाणं नाही हो वाढलं, नुसती घरघर वाढली."

"नवे स्पीकर आहेत. बास उठतो."

तेवढ्यात एक चमत्कार झाला. बाबांनी माझ्या पायांवरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"जावईबापू, चढाला बरोबर उचललीत."

काय उचललं ते मला कळलं नाही, पण असले शब्द परत थोडेच करतात? "माहीत आहे ना बाबा," मी म्हणालो.

घाटमाथा ओलांडला आणि उतार लागला. बायकोचं पुढचं गाणं आलं, मी आवाज 'वाढवायला' वजा ओढला. गाडीने स्वतःला जागच्या जागी आवरून धरलं, आणि बाबांनी चक्क मांडीवर थाप मारली.

"शाब्बास! उतारावर ब्रेक घासायचा नाही, इंजिनाने धरायची. सांगून सांगून तोंड दुखायचं माझं, नव्या पोरांना जमायचं नाही. कुठे शिकलात?"

"ऑफिसात," मी म्हणालो. तोंडात पहिलं आलं ते सांगितलं. आयुष्यात इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. आरशात बायकोकडे बघितलं तर तिचे डोळे मोठे झाले होते. तिच्या वडिलांनी तिच्या नवऱ्याला शाब्बास म्हटलं होतं, आणि ती जिवंत साक्षीदार होती.

आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला.

"काकूचा आहे! कमी करा, कमी करा, काही ऐकू येत नाही!"

मी अधिक ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. काकूंना बोलायला शांतता लागते. गाडी एकदम शांत झाली आणि मोकळी सुटून उताराने पळायला लागली. समोर वळण दिसत होतं.

बाबा ताठ झाले. "जावईबापू, हे काय? दुसरा टाका!"

"काय टाकू?"

"दुसरा टाका, दुसरा!"

आता या माणसाला आत्ता दुसरा चॅनेल कशाला ऐकायचाय, असं माझ्या मनात आलं. पण सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा? मी रेडिओच्या पडद्यावर बोट दाबलं. दुसऱ्या चॅनेलवर एक बाई शांतपणे सांगत होत्या, की आज हवामान आल्हाददायक राहील.

"अहो, गिअर! गिअर टाका!" बाबा ओरडले. फोनमधून काकूही ओरडल्या. त्यांना काय टाकायचं होतं कोण जाणे.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडीने एक आचका दिला, आणि असा दिला की आणखी दहा आचक्यांची भरपाई व्हावी. वळणाच्या बरंच अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या रुंद जागेत आम्ही थांबलो. कुणाला काही झालं नव्हतं. हवामान आल्हाददायक होतं.

बाबांनी घड्याळ बघितलं, मग मागचा रस्ता बघितला, बस येते का म्हणून. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. अधिक, वजा, उलट्या वायरी, बास, सगळं. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा बायकोसमोर म्हणालो, "मला माहीत नाही हे काय आहे."

बायको हसायला लागली. हसता हसता सीटवर आडवी झाली. बाबा मात्र हसत नव्हते. ते वाकून त्या दोन कानांकडे बघत होते.

"जरा वजा ओढा. आता ब्रेक सोडा, गाडी थोडी पुढे घ्या. पुन्हा ओढा. हं." अर्ध्या मिनिटात त्यांना कळलं. "अहो, हे हाताचे गिअर आहेत. वजा म्हणजे खालचा, अधिक म्हणजे वरचा. खालच्याला इंजिन ओरडणारच." मग ते खाली बघायला लागले. "पण क्लच कुठाय? तुम्ही म्हणालात हाताशी आहे."

"क्लच नाही, बाबा."

"नाही म्हणजे?"

"नाहीच. खाली दोनच आहेत, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायाने."

बाबांनी वाकून ती दोन पॅडल पुन्हा मोजली. त्यांचा हात डाव्या गुडघ्यावर होता.

"म्हणजे याला," ते गुडघ्याकडे बोट करून म्हणाले, "काही कामच नाही?"

मागे बायकोचं हसणं थांबलं. "बाबा..." एवढंच ती म्हणाली. मग खाली उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "उतरा."

मी उतरलो. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटायला हवं होतं, पण बाबा गाडीला वळसा घालून माझ्या सीटकडे येत होते ते लंगडत नव्हते. मला इतकं बरं वाटलं की माझी फजिती मी घटकाभर विसरलोच. त्यांनी खिशातलं लायसन्स चाचपलं, सीट मागे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा बांधला. बायको त्यांच्या शेजारी बसली. मी मागे.

गाडी सुरू झाली, पण हलेना.

"काय झालं बाबा? काही अडतंय का?"

"माझं काही अडत नाही. तुमची वाट बघतोय."

"माझी?"

"चौतीस वर्षांत मागून डबल बेल आल्याशिवाय मी गाडी हलवलेली नाही."

बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "द्या की हो. अकराला पोचायचंय."

मी, रेकॉर्ड विभागाचा हेडक्लार्क, हाताखाली सहा माणसं, घसा साफ करून म्हणालो, "टिंग टिंग."

गाडी निघाली, आणि मग काय सांगू तुम्हाला! चढाला वजा, सपाटीला अधिक, उताराला पुन्हा वजा. बाबा शीळ घालत होते. ते शीळ घालतात हे त्यांच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. वाटेत त्यांनी दोनदा उगीचच गाडी थांबवली, नुसती डबल बेल ऐकायला.

अकराला चार मिनिटं कमी असताना आम्ही डेपोच्या फाटकातून आत शिरलो. चाळीस म्हातारे ड्रायव्हर गाडीभोवती गोळा झाले. कुणी बाबांच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी खिडकीतून हात घालून कान ओढून बघितले. एका जाड मिश्यांच्या ड्रायव्हरकाकांनी मागच्या सीटवरून उतरणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हे कोण? जावई ना?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता ते शब्द येणार म्हणून मी ताठ उभा राहिलो.

"कंडक्टर आहेत," बाबा म्हणाले. "नवीन आहेत, पण बेल बरी देतात."