वाघ्याचं पथ्य

आमच्या गुंदमध्ये गणूकाका सकाळी वाटेवर उभा राहून ओरडायचा, "आजपास्नं ताक बंद!" परगावचा माणूस दचकून विचारी, सरकारचा हुकूम आहे का? हुकूम वाघ्यापुरता होता. वाघ्या म्हणजे काकाचा कुत्रा, आणि त्याला घरोघरी जेवायची सवय.

सुप्याच्या बाजारात अजून काकाला 'कुत्र्याला उपास घडवणारा खुळा' म्हणतात. हसणाऱ्यांत मीही पुढे होतो, तेव्हा खरं काय ते मलाच सांगायला हवं.

वाघ्यानं खाजवून खाजवून कान लाल केले, पाठीचे केस गेले. गावचा कारभार बघणारे बुधवंत म्हणाले, "लूत हाय. शिमग्याआदी त्येला काळी नदीपल्याड सोड, न्हाईतर आमी मारतो."

"नोडोण," काका म्हणाला. कन्नडातलं हे 'बघूया' कायम त्याच्या तोंडी. "लूत आसती तर मला लागली नसती? एका घोंगडीत निजतो आमी. ह्येला खाल्लेलं कायतरी सोसंना."

मग एकेक पदार्थ बंद करायचा, पंधरवडा थांबायचं, कानात डोकवायचं. ताक सुटलं, डाळ सुटली, फणससुद्धा सुटला. खाज जाईना.

"काका, सुक्या बांगड्याचं काय?" मी विचारलं.

"गप रं! बांगडा गुणाचा हाय."

निखाऱ्यावर भाजलेला बांगडा म्हणजे काकाचा जीव. मोडून अर्धा वाघ्याला, अर्धा स्वतःला. साऱ्या जगावर संशय घेऊन झाला, बांगडा तेवढा निर्दोष!

शिमगा तोंडावर आला तेव्हा काका रडवेल्या आवाजात ओरडला, "आजपास्नं बांगडा बंद!"

खाज थांबली. खात्रीसाठी एक तुकडा दिला, तर संध्याकाळी कान पुन्हा लाल. बांगडा कायमचा बंद झाला. शिमग्याला वाघ्या नवे केस मिरवत बुधवंतांच्या पायाशी बसला.

"दुसरा कुत्रा आनलास व्हय रं?" बुधवंत म्हणाले.

पण काकानंही बांगडा सोडला. आई म्हणाली, "भावजी, कुत्र्याचं पथ्य तुमी कशाला पाळताय? आमच्याकडं येऊन खावा."

"त्यो दारात वाट बघत बसंल, वैनी. माजी वाट बघनारं दुसरं कोन हाय?"

वाघ्या म्हातारा होऊन गेला. काही दिवसांनी आई बांगडा भाजून काकाकडं घेऊन गेली, मी सोबत होतो. काकानं सवयीनं तो मोडला आणि अर्धा तुकडा हातात धरून दाराकडं बघत राहिला.

"खावा की, भावजी."

"नोडोण," काका म्हणाला, आणि दोन्ही तुकडे पानात पुन्हा जुळवून ठेवले.