गुलाबी दुधाचा तास

तपासणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता बाईंनी स्टाफरूमचा फ्रिज उघडला, तेव्हा गुलाबी दुधाचा बीकर जागेवर नव्हता.

बाई नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. तीन वर्षं हंगामी. बाहेरून आलेले तज्ज्ञ आज त्यांचा दुपारी तीनचा तास बघणार होते आणि त्यावर नोकरी राहणार की जाणार, हे ठरणार होतं. विषय होता चरबीचं पचन. त्यासाठी बाईंनी दुधात चिमूटभर सोडा आणि फिनॉल्फ्थॅलीन नावाचं द्रावण घातलं होतं. त्यानं दूध गुलाबी होतं. मग पाचकरस घातला की चरबीतून आम्लं सुटतात आणि रंग डोळ्यांदेखत उडतो. शेवटच्या बाकावरूनही दिसावं म्हणून त्यांनी द्रावण सढळ हातानं ओतलं होतं. प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडल्यामुळे बीकर इथे ठेवावा लागला. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, ‘हात लावू नये’.

या विभागातले कप कधीच फुटून संपले होते आणि सगळे जण चहासुद्धा बीकरमधूनच पीत. त्यामुळे निवृत्तीला टेकलेल्या शिपाईमामांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

“हात लावू नये लिहिलेलं. म्हटलं, पाहुण्यांसाठीच राखून ठेवलंय,” मामा म्हणाले. “साडेआठला तपासणीचे सर आले, घामाघूम झालेले. दोन चमचे साखर घालून दिलं. थेंब ठेवला नाही बघा त्यांनी.”

बाई खुर्चीत बसल्या. द्रावण काही विष नव्हतं. पूर्वीच्या काळी तेच औषध म्हणून विकत, पोट साफ व्हायला. सहा ते आठ तासांत लागू पडतं. साडेआठ अधिक साडेसहा. गणित सोपं होतं, तरी त्यांनी ते बोटांवर मोजलं.

तास अलीकडे घ्यावा म्हणून त्या प्राचार्यांकडे गेल्या. वेळापत्रक सहीशिक्क्यासह भिंतीवर लागलंय, आता ते देवही बदलू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग बाई सरांकडे गेल्या, खरं काय ते सांगायला. सरांनी दुरूनच तळहात दाखवला. तासाआधी उमेदवारानं त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो मोडणाऱ्या दोघांना त्यांनी नापास केलेलं होतं.

तीन वाजता साठ मुली बसल्या होत्या. मागच्या खुर्चीत सर. तास पूर्ण चाळीस मिनिटं पाहिला गेला नाही तर तपासणी रद्द, आणि पुढची दोन वर्षांनी. बाईंनी ताज्या दुधाचा बीकर टेबलावर ठेवला. तीन वाजून चार मिनिटांनी सर छताकडे बघू लागले. सहाव्या मिनिटाला ते उठले आणि घाई न दाखवता, पण घाईनं, बाहेर गेले.

बाईंनी मुलींना आतड्याची आकृती काढायला सांगितली आणि त्या खडू हातात घेऊनच कॉरिडॉरच्या टोकाशी, स्वच्छतागृहाच्या बंद दारापाशी गेल्या.

“सर, मी. तीनच्या तासाची.”

“बाई, ही बोलायची जागा नव्हे.”

“तास सुरू झालाय सर, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. सकाळचं दूध प्रयोगाचं होतं. फिनॉल्फ्थॅलीन.”

दाराआड नळ सुरू होऊन बंद झाला.

“किती?”

“एक टक्क्याचं. वीस मिलिलिटर.”

“तीस वर्षं मुलांना सांगतोय,” आतून खोल आवाज आला, “प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालू नका.”

“ते स्टाफरूममधलं होतं, सर,” बाई म्हणाल्या. धीर द्यायला दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

“बरं. मग सांगा. माझ्या आत काय चाललंय? दुधातल्या चरबीपासून.”

बाईंनी पदर खोचला. चरबीचं काम केव्हाच उरकलं, त्या म्हणाल्या. पित्तानं तिचे बारीक थेंब केले, पाचकरसानं ते फोडले, लहान आतड्यानं ते शोषून घेतले. घोटाळा त्याच्या खाली होता. दिवसाकाठी आतड्यात नऊएक लिटर पाणी येतं आणि पेलाभरसुद्धा बाहेर जात नाही, कारण आतडं मीठ आत ओढतं आणि मिठामागून पाणी जातं. मोठ्या आतड्यातलं ते काम त्या द्रावणानं अडवलं होतं.

“उपाय?”

“लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मामा आणताहेत.”

“साखर कशाला? चवीला?”

“नाही सर. लहान आतड्यात साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनंच पेशीत शिरतात. ती वाट अजून चालू आहे.”

“बाई, जोडीनं म्हणजे कसं?” मागून कोणीतरी विचारलं. बाई वळल्या. साठही मुली वह्या घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. आकृत्या काढून झाल्या होत्या.

बाईंनी मुलींना वर्गाकडे बोट दाखवलं. दाराआडून सर म्हणाले, “थांबलात का? मुलीचा प्रश्न रास्त आहे.”

त्यांनी भिंतीवरच पेशी काढली. घंटा होईपर्यंत कुणी हललं नाही. साखरमिठाच्या पाण्याचा जग दाराखालच्या फटीतून जाईना म्हणून मामांनी तो वरून दिला.

संध्याकाळी प्राचार्यांनी अहवाल बाईंपुढे ठेवला. सरांनी नोकरी कायम करण्याची शिफारस केली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘तास शेवटपर्यंत, जागेवरून न उठता ऐकला.’ ‘निरीक्षक कोठे बसले होते’ हा रकाना तेवढा कोरा होता.