मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

शिलाई मशीन गाडीच्या मागच्या सीटवर चढलं तेव्हाच मास्तरांच्या लक्षात आलं, की बायको काही चार दिवसांसाठी बहिणीकडे निघालेली नाही. चार दिवसांसाठी कुणी शिलाई मशीन नेत नाही. मशीनच्या शेजारी लोकरीच्या कपड्यांची बॅग होती, आणि थंडी तर संपत आली होती. म्हणजे ते कपडे पुढच्या थंडीसाठी होते.  तोंडाने मात्र मास्तर म्हणाले, "मशीन तिरकं ठेवू नकोस, तेल गळेल."

"सरळच ठेवलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अजून जरा सरळ पाहिजे."

मास्तरीणबाईंनी मागचं दार लावलं, पुढचं उघडलं आणि त्या आत जाऊन बसल्या. दार कसं लावायचं हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं होतं, पण तोवर ते लागलंही होतं.

मास्तरांचा धंदा मोटार शिकवण्याचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना ती न शिकताच कशी चुकीची चालवता, हे रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. गाडीच्या टपावर पाटी होती, मागच्या काचेवर लाल अक्षर होतं, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे ज्यादा ब्रेक आणि ज्यादा क्लच बसवलेला होता. शिकाऊ माणूस चुकला की मास्तर आपल्या बाजूने पाय दाबायचे. शिकाऊ माणूस चुकायच्या आधीही दाबायचे. एक्सलरेटर मात्र त्यांच्या बाजूला नव्हता, तो तिथे कुणीच बसवत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत गाडी थांबवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नव्हता, आणि ती पुढे नेण्याचं काम नेहमी दुसऱ्याकडेच राहिलं होतं.

मास्तरीणबाईही त्यांच्याकडेच शिकल्या होत्या. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी लायसन्स काढलं, दरवेळी न चुकता नवं करून घेतलं, पण गाडी काही चालवली नाही. नवरा शेजारी बसला की गाडी आपण चालवतोय की हे, ते त्यांना कधी कळायचंच नाही. पुढे पुढे घरातही तसंच झालं. पाव कापताना सुरीचा कोन, चादरीची घडी, नळ किती फिरवायचा, सगळीकडे मास्तरांचा पाय ब्रेकवर. गेल्या आठवड्यात मास्तरीणबाईंना स्वयंपाक करताना शिंक आली. मास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "शिंकताना नजर समोर ठेवावी." मास्तरीणबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "मी ताईकडे जाते."

तेव्हापासून मास्तर एक वाक्य जुळवत होते. वाक्य तसं दोनच शब्दांचं होतं, 'जाऊ नकोस', पण त्यांच्या तोंडी ते हुकूम दिल्यासारखं यायचं. पुढे काहीतरी जोडावं म्हटलं तर 'जाऊ नकोस, नीट विचार कर' असं व्हायचं आणि लगेच शिकवणी सुरू व्हायची. आज स्टेशनाकडे जाताना ते पुन्हा त्याच खटपटीत होते. आकाश भुरकं झालं होतं, रस्त्यावर ओल होती, आणि मास्तर कितीतरी वर्षांनी स्टिअरिंगच्या मागे बसले होते. त्यांच्या जागेवर, ब्रेक आणि क्लचपाशी, मास्तरीणबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रेल्वेचं फाटक उघडं होतं. 'रूळ ओलांडताना थांबू नये, गिअर बदलू नये, गप्पा मारू नयेत' हे मास्तरांचं ब्रह्मवाक्य होतं. शिकाऊ लोकांकडून ते पाठ करून घ्यायचे. गाडीची पुढची चाकं रुळांवर चढली आणि नेमकं तेव्हाच मास्तरांना वाक्य सापडलं.

"अगं, ऐक," असं म्हणून ते बायकोकडे वळले, आणि वळता वळता सवयीने त्यांचे दोन्ही पाय ब्रेक आणि क्लचवर पडले. गाडी रुळांच्या बरोबर मधोमध थांबली. मास्तर शिकाऊ माणसाने ती पुढे घ्यायची वाट बघत राहिले. शिकाऊ माणूस कुणी नव्हताच. हे लक्षात आल्यावर त्यांनी दोन्ही पाय एकदम उचलले, गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली.

"काय ऐकू?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

तेवढ्यात फाटकाची घंटा वाजायला लागली. सापडलेलं वाक्य जे पळालं ते पळालंच. मास्तरांनी किल्ली फिरवली, क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद पडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी त्यांची गत झाली होती, आणि बघणारे लोकही जमायला लागले होते. मागे दुधाचा टँकर येऊन थांबला होता. टँकरच्या मागून स्कूटरवरून गावातला दंतवैद्य पुढे आला. तो सध्या मास्तरांकडेच शिकत होता आणि रोज सकाळी त्यांची बोलणी खात होता.

फाटकवाला केबिनमधून बाहेर आला. तो मुळातच दुःखी चेहऱ्याचा माणूस होता. "मास्तर, तुम्ही?" तो म्हणाला. "दुसरं कुणी असतं तर मी शिव्या दिल्या असत्या."

"गाडी येतेय का?" मास्तरांनी विचारलं.

"येत होती. फोन करून सिग्नलला थांबवलीय. ती बघा." दूर वळणापाशी गाडीचं तोंड दिसत होतं. "स्टेशनात जाणारी सकाळची हीच एक. तिनेच कुणाला जायचं असेल तर आज खोळंबलं."

"मला जायचंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

फाटकवाल्याने जरा विचार केला. "मग तुमची काही चुकत नाही, बाई. तुम्ही हलल्याशिवाय ती हलत नाही."

सगळ्यांनी मिळून ढकलायचं ठरलं. टँकरवाला आडदांड होता, फाटकवाला बऱ्यापैकी होता आणि दंतवैद्याची इच्छा दांडगी होती. मास्तरांनी गिअर काढला, हँडब्रेक खाली असल्याची खात्री केली आणि तेही उतरून दाराला खांदा लावून उभे राहिले. टँकरवाल्याने आवाज दिला, सगळ्यांनी जोर लावला. गाडी जागची तसूभरही हलली नाही.

"बाईंना उतरू दे, तेवढीच हलकी होईल," टँकरवाला म्हणाला.

"माझ्या वजनाने काही अडलेलं नाही," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. हे तितकंसं खरं नव्हतं, पण ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

दंतवैद्य मास्तरांजवळ आला. "सर, घाबरू नका. तुम्हीच सांगता ना, घाबरलेलं गाडीला कळतं. श्वास घ्या. खांदे सैल सोडा."

 आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून इतकी चीड आणणारी असतात याची मास्तरांना कल्पना नव्हती. इतकी वर्षं लोक आपल्याला पैसे देऊन हे ऐकतात, याचं त्यांना त्या क्षणी खरोखर नवल वाटलं.

"मास्तर, मागचा लाल दिवा पेटलाय," टँकरवाला मागून म्हणाला. "ब्रेक दाबलेला असल्याशिवाय तो पेटत नाही."

मास्तरांनी खाली वाकून उघड्या दारातून आत पाहिलं. त्यांच्या बाजूचे तिन्ही पेडल मोकळे होते. पलीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागेपुढे, मास्तरीणबाईंचा तपकिरी बूट ज्यादा ब्रेकवर होता. घंटा वाजली तेव्हा भीतीने पाय पडला असेल. पण घंटा केव्हाच थांबली होती, आणि पाय मात्र चांगला टाच रोवून ठेवलेला होता. मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर बघण्यासारखं एक सिग्नलचा खांब सोडला तर काही नव्हतं.

आता हा क्षण मास्तरांच्या परीक्षेचा होता. चुकीच्या पेडलवर चुकीच्या वेळी पडलेला पाय समोर दिसतोय आणि मास्तर गप्प आहेत, असं आजवर घडलं नव्हतं. 'पाय' एवढा एक शब्द म्हटला असता तर गाडी सुटली असती, लोकांत अब्रू राहिली असती, आणि ती आगगाडी स्टेशनात जाऊन त्यांच्या बायकोला घेऊन गेली असती. मास्तर सरळ उभे राहिले.

"तो दिवा नेहमीच पेटलेला असतो," ते म्हणाले. "बिघडलाय."

"मग चाक रुळात रुतलंय," टँकरवाला म्हणाला.

"असेल."

"नाहीतर गिअरबॉक्स गेला," फाटकवाला म्हणाला.

"तोही गेला असेल."

दंतवैद्य चक्रावला. "सर, पण नक्की काय झालंय?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

खिडकीबाहेर बघणाऱ्या मास्तरीणबाईंनी मान वळवली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे तीन शब्द त्यांनी या तोंडून कधी ऐकले नव्हते. दंतवैद्यानेही ऐकले नसावेत, कारण तो हळूच मागे सरकला. गुरूची विद्या गेली आणि आपली फी पण गेली, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टँकरवाल्याने तर तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. उद्या हे गावभर होणार, परवा चार शिकाऊ दुसरीकडे नाव घालणार, हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं. ते आत येऊन बसले आणि उगाच किल्लीशी चाळा करत राहिले.

"तुम्हाला दिसलंय," मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"काय?"

"खाली वाकला होतात ना."

"चाक बघत होतो."

"खोटं बोलताय."

"हो," मास्तर म्हणाले.

लांबून आगगाडीने शिट्टी दिली. मास्तरीणबाईंनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला. "मग सांगा ना. पाय कुठे ठेवायचा, किती दाबायचा, कधी उचलायचा. सांगितल्याशिवाय कसं राहवतंय तुम्हाला?"

राहवत नव्हतंच. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. "पाय बरोबर आहे," ते म्हणाले.

मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना रागही आला. "एवढं ऐकायला मला रुळावर येऊन बसावं लागलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाय उचलला.

नेमकी तीच वेळ साधून मागच्या तिघांनी शेवटचा म्हणून जीव खाऊन जोर लावला. गाडी सुसाट पुढे गेली, दंतवैद्य रुळांवर पालथा पडला, आणि मास्तरांची गाडी फाटकापलीकडे जाऊन उतारावर थांबली. टँकरवाल्याने 'बघा, रुतलंच होतं' असं म्हणून हात झटकले. फाटकवाल्याने दंतवैद्याला उठवलं, फाटक पाडलं आणि तो फोनकडे धावला.

मास्तरांनी किल्लीकडे हात नेला. बोटं किल्लीवरून दोनदा घसरली. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं, आपल्या बाजूने उतरून त्या गाडीला वळसा घालून आल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "सरका."

मास्तर सरकले. आपल्या जुन्या जागेवर येऊन बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, पण ते थोडाच वेळ. मास्तरीणबाईंनी गाडी सुरू केली, एकदा बंद पाडली, पुन्हा सुरू केली. शेजारच्या रुळांवरून आगगाडी धडधडत पुढे गेली आणि समोर दिसणाऱ्या स्टेशनात जाऊन उभी राहिली. ती तिथे डब्यांत पाणी भरून आरामात निघायची, सगळ्या गावाला हे माहीत होतं. रस्ता रुळांच्या कडेने जात होता. पुढे डावीकडे स्टेशनचं वळण होतं.

मास्तरांच्या पायाखाली ब्रेक होता. वळणाच्या आधी तो दाबला असता तर गाडी बंद पडली असती, आणि या वेळी दोष बायकोवर गेला असता. कुणाला कळलंही नसतं. तिला मात्र कळलं असतं. मास्तरांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, मांडी घातली आणि गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले. मनात म्हणाले, जाईल. जाऊ दे. वळणाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

गाडी एका लयीत चालत राहिली. वळण आलं, शेजारून गेलं आणि मागे पडलं. मास्तरीणबाईंची नजर सरळ समोर होती. त्यांनी गाडी ठरवून वळवली नाही, की ब्रेक कुठे आहे तेच त्यांना आठवलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "स्टेशनचं वळण गेलं का हो?"

मास्तरांच्या जिभेवर सगळं तयार होतं. वळण गेलं, आरसा बघितला नाहीस, दुसऱ्या गिअरमध्ये इतका वेळ कुणी चालवत नाही. ते सगळं त्यांनी गिळलं. "माझं लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

"बरं. मग बघू पुढे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्यातून एकदम चौथा गिअर टाकला. गाडी कण्हली, खोकली, पण चालत राहिली.

तो रस्ता पुढे सिमेंटच्या गोदामापाशी संपतो आणि तिथे गाडी वळवायलासुद्धा जागा नाही, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. मांडी घालून ते समोर बघत बसले, आणि त्यांनी तेही सांगितलं नाही.