भरमाण्णा आणि मोठी अक्षरं

कुणाच्याही कॉम्प्युटरजवळ गेले की भरमाण्णा नमस्काराच्या आधी कीबोर्डवर दोन बोटं ठेवतात. एक कंट्रोलवर, दुसरं अधिकच्या चिन्हावर. समोरचा 'अहो, अहो' म्हणेपर्यंत मुंगीएवढी अक्षरं झुरळाएवढी झालेली असतात. वर दटावणी, "डोळं काय भाड्यानं आणल्यात काय रं?"

निपाणीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आमची टेबलं शेजारी, त्यामुळं सगळ्यात जास्त छळ माझा. मी चहा पिऊन येईतो माझ्या स्क्रीनचा उजेड मंद झालेला आणि पांढरं पान पिवळट पडलेलं. वेबसाइटवाल्यांवर तर त्यांचा कायमचा राग. "पांढऱ्यावर राखाडी अक्षरं! राखेनं लिवलंय का ह्यांनी? आणि ही जाहिरात. बंद करायची फुली बघ, तिळाएवढी. मुद्दाम करत्यात, मुद्दाम!"

एकदा त्यांना आणि सुशीलाक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी गाडीतनं बेळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नाव नोंदवणाऱ्या मुलीची स्क्रीन बघून अण्णा कडाडले, "एवढी बारीक अक्षरं? आणि हितं? डोळ्याच्या दवाखान्यात?" हात लांबवून त्यांनी अक्षरं वाढवलीच. रांग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आक्कांना समोरचं, नेमकं मधलंच दिसणं कमी होत चाललंय. परत येताना वाटेतलं काकती गाव मागं पडलं तरी अण्णा कुणावर ओरडले नाहीत. आडव्या आलेल्या ट्रकवाल्यावरसुद्धा नाही.

ऑफिसात मात्र पुन्हा तेच. गेल्या शनिवारी मी बायकोला कॉम्प्युटरवरनं मेसेज लिहीत होतो, 'मालक सकाळपासनं पाय भाजलेल्या मांजरासारखे फिरतायत.' पाठीमागनं दोन बोटं आली आणि ते वाक्य स्क्रीनभर पसरलं. मालक दारात होते. त्यांनी ते चष्मा न लावता वाचलं.

मला काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही. पण रविवारी तणतणतच अण्णांच्या घरी गेलो. आज सोडायचं नाही, म्हटलं.

दार उघडंच होतं. आक्का कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. स्क्रीनवर वर्तमानपत्राची बातमी, पण इतकी मोठी केलेली की एका वेळी एकच शब्द मावत होता. त्या मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघत होत्या.

"नि... निपाणी?"

मागं उभ्या असलेल्या अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला बघून त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

"न्हवं. निवडणूक," आक्का म्हणाल्या.

"मग? म्होरं?"

आक्कांनी कळ दाबली, शब्द सरकला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आक्कांना वाचायला खोलीत उजेड लागतो, म्हणून पडदा ओढता येत नाही. आणि खिडकीतनं येणारी तिरीप नेमकी स्क्रीनवर पडते. ती अडवायला अण्णा त्यांच्या मागं, खिडकीला पाठ लावून उभे होते. सदरा घामानं भिजलेला. ऊन सरकेल तसे तेही वीतभर सरकत होते.

मी भांडण विसरून दारातच थांबलो.

"अवो, मघापासनं उभंच हाईसा काय?" आक्कांनी मान न वळवता विचारलं. "बसा की जरा."

"बसलोयच की," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा वीतभर सरकले.