लखनच्या दुसऱ्या अल्बमला आलेली माणसं

लखनच्या ‘काटवण’ बँडचा दुसरा अल्बम आला आणि ऐकणाऱ्यांनी आठवड्याच्या आत त्याला माती दिली. पहिल्या अल्बमवर कॉलेजची पोरं धूळ उडवीत नाचली होती. हा दुसरा त्याने आई गेल्यावर केला. संथ, ओल्या लाकडासारखा धुमसणारा. “भावा, ऐकता ऐकता झोप लागली,” एकाने लिहिले. “गिटार इक, मेंढरं घे,” दुसऱ्याने. मेंढरं घरची होतीच, तेवढाच खर्च वाचला. पुण्याच्या एका समीक्षकाने तर एका ओळीत कारभार उरकला : दुःख उसने वाटते. ड्रमवाला प्रवीण फोन उचलेना.

ती ओळ लखनच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखी मोडून बसली. एका तरी जिवाला हे दुःख खरे वाटावे, एवढेच आता त्याला हवे होते. तो धारूरजवळ आपल्या गावी परतला. सकाळी त्याचा बाप सटवा मेंढरं घेऊन डोंगराकडे गेला. ज्या अंगणात आई वावरली त्या अंगणाला तरी गाणी ऐकवावीत, म्हणून लखनने बँडचा मोठा स्पीकर दारात लावला.

आता, त्या गावात सकाळच्या पारी दारातून रडवं गाणं वाजतं ते एकाच कारणानं. घरात मयत असलं की.

पहिली आली शेजारची छबुबाई. पदर तोंडाला लावून ती थेट उंबऱ्यावर कोसळली. “सटवादादा, आसं कावून केलंत वं...”

“काकू, आवं ह्यो माझा अल्बम हाय.”

“व्हय रं लेकरा. धीर धर.”

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणली. मयत दवाखान्यातून यायचंय असं धरून कुणी तिरडीला बांबू तोडला. सरपंच मोहनराव चार शब्द बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्या गाण्याला त्यांनीच टोपी काढून डोळ्यांना लावली. लखन स्पीकर बंद करायला गेला, तर बायांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे. मोकळं वाटतंय.” त्याला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं.

डोंगरावरून दारातली गर्दी दिसली तसा सटवा मेंढरं हाकीत खाली आला. चपला काढून मागे टेकला, गाणं ऐकून डोळे पुसले आणि मोहनरावांच्या कानाशी लागला, “सरपंच, गेलं कोण?”

“सटवा गेला,” मोहनराव मान न वळवता म्हणाले.

“लई वंगाळ झालं,” सटवा म्हणाला, आणि मग जरा थबकला.

पुढचा कालवा मेंढरांनाही सोसला नाही, ती उधळली. लखनने स्पीकर बंद केला. छबुबाई तणतणत उठली.

“जित्या माणसापायी रडावलंस व्हय आमाला? मंग ह्ये गाणं हाय कुणाचं?”

“आईचं,” लखन म्हणाला. “ती गेली तवा तुमी समदे ऊस तोडाया गेलतात. खांद्याला चौघं मिळता मिळंनात. रडाया तर कुणीच नव्हतं.”

बांबूवाल्याने बांबू हळूच भिंतीला टेकवला. निघालेली छबुबाई परत उंबऱ्यावर बसली, पदर सारखा केला.

“लाव बाबा, पयल्यापासनं,” ती म्हणाली. “तिचं रडायचं ऱ्हायलंय.”