तारीआजोबांचे कापडी बिल्ले

आधी माफी मागते. एखाद्या माणसाबद्दल असं लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्या घरात आजवर कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. बाबा टेम्पो चालवतात, आई पाच घरी पोळ्या करते, आणि त्यातलं एक घर तारीआजोबांचं आहे. मी लिहितेय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "म्हातारा माणूस आहे, नीट लिही. आणि माझं काम जाईल असं काही लिहू नको." तेव्हा नीट लिहायचा प्रयत्न करते. चुकलं तर चूक माझी.

तारीआजोबा समोरच्याचा चेहरा आधी बघत नाहीत. आधी बाही बघतात. तीही उजवी.

हे मला कळलं ते कॉलेजच्या छात्रसेनेत नौदलाच्या तुकडीत माझी निवड झाली तेव्हा. पहिली बढती मिळाली, बाहीवर लावायला नांगराचा बिल्ला मिळाला. आईने तो कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून आणला. पंधरा ऑगस्टला पांढरा गणवेश घालून मी सातव्या मजल्यावरून खाली उतरले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि लोक कौतुकाने बघत होते. मला फार बरं वाटत होतं. तिसऱ्या मजल्यावर लुंगी नेसलेला एक उंच म्हातारा आडवा आला आणि ओरडला, "काढ तो!"

मी हबकले. मला वाटलं, माझ्या अंगावर विंचू चढला.

"हो नांगर उजव्या दंडार कित्याक लावलंस? शिंपी खयचो तो? नांगर म्हणजे दर्जो! दर्जो डाव्या दंडार! उजवो दंड काम सांगता, डावो दंड दर्जो सांगता. चल, आत ये."

आणि खरंच, दारातल्या खुर्चीवर मला बसवून, ब्लेडने टाके उसवून, त्यांनी तो नांगर डाव्या बाहीवर शिवून दिला. टाके इतके बारीक की शिंप्याने लाजावं. मी परेडला दहा मिनिटं उशिरा पोचले, पण आमच्या सरांनी उशिराबद्दल एक शब्द काढला नाही. ते दुसऱ्या तिघींना नांगर चुकीच्या बाहीवर लावल्याबद्दल झापत होते.

तारीआजोबा म्हणजे दत्ताराम तारी. मूळचे मालवणकडचे, वय त्र्याऐंशी. आयुष्यभर गिरणीत कापड तपासायचं काम केलं. गिरणी गेली, पण तपासणं गेलं नाही. आता ते एकाच प्रकारचं कापड तपासतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या आरमारात जे साधे खलाशी होते, अधिकारी नव्हेत, त्यांच्या बाहीवर कामाची खूण म्हणून कापडी बिल्ला असायचा. बोटाएवढी तोफ असेल तर तोफवाला. दोन झेंडे एकमेकांवर आडवे, तर निशाणं दाखवणारा. तीन पात्यांचा पंखा, तर बॉयलरवर कोळसा घालणारा. सणासुदीच्या कपड्यांवर तोच बिल्ला जरीचा, रोजच्या निळ्या कपड्यांवर लाल दोऱ्याचा, उन्हाळी पांढऱ्यांवर निळ्या दोऱ्याचा. असे चारशेच्या वर बिल्ले त्यांच्याकडे आहेत. ते कुठे ठेवलेत हे कळल्यावर मला दुसरा धक्का बसला. ते त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या दोन जाड अल्बममध्ये आहेत.

"फोटो कुठे गेले?" मी विचारलं.

"पिशवीत," सुलभाकाकू आतून म्हणाल्या. सुलभाकाकू म्हणजे त्यांच्या सूनबाई. काका नोकरीनिमित्त मस्कतला असतात, त्यामुळे घरात हे दोघंच – म्हणजे काकू आणि आजोबा. "माझं कन्यादान दुधाच्या पिशवीत आहे बघ. आणि तिथे कोण बसलंय? तोफा!"

"त्या फोटोक काय बघूचा आसा? तू रोज समोर आसंस."

"ऐकलंस? ही अशी बोलणी."

दर शुक्रवारी ते चोरबाजारात जातात. भंगारवाले त्यांना ओळखतात आणि घाबरतात, कारण नकली बिल्ला दाखवला की आजोबा भर रस्त्यात व्याख्यान देतात. बिल्ला हातात आला की ते त्याची पुढची बाजू बघतच नाहीत. उलटा करतात, भिंग लावतात, हुंगतात. "फुडसून खोटा बोलूक येता, पाठसून नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लढाईच्या दिवसांत दोऱ्याची टंचाई होती, म्हणून त्या वेळच्या बिल्ल्यांच्या पाठीमागे दोरा कंजूषपणे ओढलेला असतो. मागे दोऱ्याची चंगळ दिसली की माल नंतरचा. हे मी स्वतः भिंगातून पाहिलं तेव्हा मला चक्करच आली. आपण कॉलेजात तीन वर्षं इतिहास शिकतो आणि कोणी आपल्याला कापडाची मागची बाजू दाखवत नाही.

आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी मनातल्या मनात बिल्ला देऊन टाकला आहे. माझ्या आईला स्वयंपाक्याचा तारा. सोसायटीच्या सेक्रेटरींना कारकुनाचा. पहिल्या मजल्यावरच्या पेडणेकरबाईंना दोन पंख आणि मधोमध वीज, म्हणजे बिनतारी संदेशवाला, कारण सकाळी सातला नळावर बोललेलं सव्वासातला गच्चीवर पोचतं. वॉचमनची तर त्यांनी एकदा वाटच लावली. एजन्सीने त्याला डाव्या बाहीवर तीन पट्ट्यांचा शर्ट दिला होता. आरमारात असे तीन पट्टे तेरा वर्षं चांगल्या वागणुकीबद्दल मिळायचे.

"तेरा वर्षां चांगलो वागलंस काय रे?" आजोबा त्याच्यावर धावून गेले. "परवा पंप चालू ठेवन निजलंस! काढ एक पट्टो!"

बिचाऱ्याने घाबरून काढला. अजून दोनच आहेत.

इथवर मला वाटत होतं, हा छंद आहे. रिकामा वेळ, म्हातारपण. मग गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी आईचा विसरलेला डबा आणायला गेले, आणि आजोबा जमिनीवर बसलेले दिसले. समोर एक पिवळा पडलेला पांढरा सदरा पसरलेला होता. ते एकेक बिल्ला उचलून त्याच्या उजव्या बाहीवर ठेवत होते, वाकून बघत होते, आणि बाजूला काढत होते. बाहीवर काहीच नव्हतं. नीट पाहिलं तर सुईच्या बारीक भोकांची एक गोल रांग होती.

"हो माझ्या बापाशीचो," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नायतर दुसऱ्या कोणाचो."

त्यांनी सांगितलं ते मी प्रमाण मराठीत सांगते, कारण त्यांच्यासारखं मला सांगता येणार नाही. आजोबा सहा महिन्यांचे असताना वडील आरमारात बॉयलरवर कामाला होते. जहाज बुडालं. वडील सापडले नाहीत असं सरकारी पत्र आलं आणि किनाऱ्यावरच्या बराकीत राहिलेलं त्यांचं सामान ट्रंकेतून गावी आलं. त्यात हा सदरा. आजोबांच्या आईला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचा एक फोटो तिच्याकडे होता आणि त्यात त्याच्या उजव्या बाहीवर पंखा होता. सदऱ्यावर पंखा नव्हता, वेगळंच काही होतं. ती म्हणाली, हा माझ्या नवऱ्याचा नव्हे. सरकारने माणसं बदलली. तिला वाटलं, वरचा बिल्ला काढला तर खाली पंखा असेल, म्हणून तो उसवला. खाली नुसतं कापड. मग परक्या पुरुषाची खूण घरात नको म्हणून तिने तो बिल्ला चुलीत घातला. आणि कपाळाचं कुंकू पुसलं नाही. मरेपर्यंत, पंचेचाळीस वर्षं, पुसलं नाही.

"गाव काय म्हणायचं?" मी विचारलं.

"गाव हसायचा. म्हणायचे, तारी खयच्या तरी बंदरात उतारलो, दुसरा लगीन केल्यान, मजेत आसा." त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला. "तुका सांगतंय चेडवा. आवस खरी ठरली तर बापूस खोटो. बापूस खरो ठरलो तर आवस वेडी. म्हणान मी बघतंय, हय खयचो बिल्लो होतो."

"आई सांगत नव्हत्या? कसा होता ते?"

"म्हणायची, मी कित्याक बघू परक्या पुरुषाचा?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. मग मी विचारलं की वडिलांचा नंबर वगैरे असेल तर कुठे पत्र का नाही पाठवलं. त्यांनी एका अल्बमच्या शेवटच्या पानातून ते सरकारी पत्र काढून मला दाखवलं, नंबर त्यावर होता, मी मोबाइलवर फोटोही काढला. पण पाठवू म्हटल्यावर त्यांनी पत्र हिसकावून घेतलं. "नको. उत्तर इला तर?"

इतकी वर्षं शोधणारा माणूस उत्तराला घाबरतो, हे मला झेपलंच नाही.

जानेवारीत एका शुक्रवारी ते चोरबाजारातून आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आई घरी येऊन म्हणाली, "पोळी तशीच ठेवली गं त्यांनी." मी गेले. सदरा पसरलेला होता आणि बाहीवर एक गोल बिल्ला होता, काठाला निळा दोरा आणि आत पांढऱ्यावर लाल फुली. काठावरचं जुनं भोक न भोक बाहीवरच्या भोकावर बसत होतं. जहाजावरच्या दवाखान्यातल्या मदतनिसाची खूण.

"सापडलं!" मी ओरडले.

"सापडला." आजोबा भिंतीकडे बघत होते. "कोळसो घालणारो माणूस. नाव लिहूक येय नाय. तेका दवाखान्यात कोण घेतलो? आवस खरी होती गो. हो सदरो दुसऱ्याचो."

म्हणजे बापूस खोटा. ते त्यांनी म्हटलं नाही, मला समजलं.

त्यांनी अल्बम बांधून दाराशी ठेवले, भंगारवाल्याला द्यायला. सुलभाकाकूंनी ते गुपचूप पलंगाखाली ढकलले. "माझे फोटो परत लागतील म्हणून ठेवतेय," असं मला म्हणाल्या, पण त्यांचे डोळे लाल होते. बाही बघणं बंद झालं. वॉचमनने तिसरा पट्टा परत लावला, आजोबा त्याच्यासमोरून गेले आणि काही बोलले नाहीत. वॉचमन मला म्हणाला, "ताई, बाबांना डॉक्टरकडे न्या."

मग मी ते केलं. न विचारता. पाहुणा आला तरी मी आईला विचारल्याशिवाय चहा टाकत नाही, आणि मी परदेशातल्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या एका कचेरीला मोबाइलवरच्या फोटोतला नंबर टाकून इंग्रजीतून ईमेल लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. पाठवला आणि मोबाइल उशीखाली लपवला. त्या नोंदींत दुसरं लग्न निघालं तर मी हे कोणाला सांगणार होते?

उत्तर यायला अडीच महिने लागले. मी ते आमच्याच जिन्यात दोनदा वाचलं. मग तिसऱ्या मजल्यावर गेले.

आजोबा खुर्चीत होते. मी आधी माफी मागितली, मग सगळं कबूल केलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं. बॉयलरच्या वाफेने त्यांच्या वडिलांचे हात भाजले होते. ते जहाजावरच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होते, आणि तिथेच इतर आजाऱ्यांना पाणी द्यायला, उचलायला लागले. हात पुन्हा कोळशाच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून त्यांना त्याच दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतलं. त्याला दीड महिना झाला होता, त्यातले आठ दिवस जहाज बंदरात होतं आणि खलाशी किनाऱ्यावरच्या बराकीत. जहाज बुडालं तेव्हा ते खाली आजाऱ्यांजवळ होते. वर आले नाहीत. खाली कोणीच राहिलं नसतं तर, असं एका वाचलेल्या खलाशाने लिहून दिलं होतं, पुढचं अक्षर लागत नाही असं कचेरीने कळवलं होतं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हणजे खयच्या बंदरात उतारलो नाय."

"नाही आजोबा."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले. मग उठले. अंगातला रोजचा शर्ट आणि लुंगी तशीच ठेवून मोरीत गेले. बादली भरल्याचा आवाज आला आणि मग डोक्यावरून पाणी ओतल्याचा. एक तांब्या, दुसरा, तिसरा.

सुलभाकाकू ओल्या हाताने धावत बाहेर आल्या. "अहो मामंजी, कपड्यांवर पाणी काय ओतताय? दुपारच्या चार वाजता अंघोळ? कोण गेलं?"

पाणी थांबलं.

"माझो बापूस गेलो गो," आतून आजोबा म्हणाले. "आत्ता कळला."