विश्वंभरपंतांच्या आवाजावर आलेल्या स्वारीची हकीकत

विद्युल्लतादेवी प्रसन्न असो. जिच्या कृपेने घरोघरी दिवा लागतो आणि जिच्या तारेवाटे मित्र आणि गनीम एकाच दाराने आत येतात, तिला नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते लिहिले असे. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. मुलूख म्हणावा तर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्याची गॅलरी. गादीवर विश्वंभरपंत आणि त्यांची भार्या अनसूयाबाई ऐसी उभयता नांदत होती, आणि कन्या चारुशीलाबाई लग्न होऊन दूरच्या शहरी राहात होती. पंतांनी उभी हयात बसस्थानकावर काढिली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे पुकारणे ही त्यांची कामगिरी, आणि आवाज ऐसा की डुलक्या घेणारा उतारू दचकून आपली पिशवी धरी. पुढे त्यांचे घशास मोठा आजार जाहला, आणि वैद्यांनी सांगितले की जीव राखावयाचा तर स्वरयंत्र काढावे लागेल. मग शस्त्रक्रियेपूर्वी चारुशीलाबाईंनी पित्यास लॅपटॉपापुढे बसवून त्यांचे मुखातून नित्याची वाक्ये भरून घेतली. चहा टाक, पंखा कमी कर, चारूचा फोन आला का, आणि हळू बोल गं, बहिरा नाही झालो मी, ऐशी पुष्कळ वाक्ये जाहली. नंतर पंत मुके जाहले, परंतु कळ दाबली म्हणजे यंत्रातून त्यांचाच आवाज निघे. बाहेरच्या जगास तो लॅपटॉप होता. अनसूयाबाईंस ते पंतांचे बोलणे होते.

ऐसे असता तो लॅपटॉप अलीकडे मंद चालू लागला. कळ दाबून पंत थांबत, आणि चहा पिऊन झाल्यावर यंत्र म्हणे, चहा टाक. बाईसाहेबांस वाटले, आपणच काही उपाय करावा. मग एके दिवशी दुपारी पंत स्नानास गेले असता त्यांनी यंत्रावर लिहिले, लॅपटॉप हळू चालतो काय करावे, आणि उत्तरादाखल जी पहिली पाटी दिसली तीवर बोट ठेविले. तत्क्षणी सारा पडदा तांबडा जाहला, भोंगा वाजू लागला, आणि एक बाई यंत्रातून ओरडू लागली की तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, यंत्र बंद करू नका, बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, खालच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. अनसूयाबाईंनी भराभर कळा दाबून पाहिल्या. पडद्यावरची खिडकी मिटेना, भोंगा थांबेना. त्यांचे मनी एकच आले की यांचा आवाज जातो. आणि त्यांनी फोन लाविला.

पलीकडून एक गृहस्थ बोलला. वाणी मधुर, आणि अदब तर ऐसी की पोटच्या पोरासही साधू नये. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नका. मी आहे ना. बरं झालं वेळेवर फोन केलात." मग त्याने एक लहानसे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले, आणि त्यात जे आकडे उमटले ते विचारिले, आणि बाईसाहेबांनी ते वाचून दाखविले. भोंगा थांबला. त्यांस हायसे वाटले आणि डोळ्यांस पाणी आले. मग त्यांनी पाहिले की पडद्यावरचा बाण आपोआप चालतो आहे. त्यांचा हात मांडीवर होता. बाण मात्र घर माहीत असलेल्या माणसाप्रमाणे एक खण उघडी, दुसरा मिटी, आणि पुढे जाई. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय करताय तुम्ही?" तो म्हणाला, "साफसफाई करतोय, मावशी. तुम्ही फक्त हात लावू नका." मग बाणाने पंतांचे छायाचित्रांचा खण उघडिला, आणि मग ज्या खणावर चारुशीलाबाईंनी बाबा बोलतात ऐसे नाव घातले होते, त्यावर येऊन तो उभा राहिला. एक वाक्य वाजले. चारूचा फोन आला का. पलीकडचा गृहस्थ हसून म्हणाला, "काकांचा आवाज छान आहे हो." पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरू लागली.

इतक्यात पंत ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. आपला आवाज कळ न दाबता वाजला हे त्यांनी ऐकिले होते. त्यांनी बाण पाहिला, बाईंचा चेहरा पाहिला, आणि तोंड उघडिले. परंतु त्यातून काही निघेना. त्यांनी टेबलावर हात आपटला. बाईसाहेब रडत म्हणाल्या, "थांबा हो, बंद करू नका! बंद केलं तर तुमचा आवाज जाईल म्हणतो तो." फोनातून गृहस्थ म्हणाला, "कोण आहे तिथे? मावशी, कोणालाही हात लावू देऊ नका." अदब आता उरली नव्हती. पंतांनी किराणा लिहावयाची पाटी भिंतीवरून ओढिली आणि खडूने लिहिले, जाऊ दे. तार काढ. त्यांनी जाऊ दे हे शब्द पुन्हा बोटाने ठोकून दाखविले. गृहस्थ ओरडला, "ए बाई, हात लावलास तर सगळं उडवून टाकीन!" आणि त्या एकेरी हाकेने बाईसाहेबांची भूल उतरली. त्या उठल्या, कपाटावरच्या इंटरनेटच्या डब्याची तार धरिली आणि भिंतीतून प्लगासकट उपटिली. बाण जागीच मेला. हिरवी पट्टी थबकली. फोन त्यांनी ठेविला, तो पुन्हा वाजू लागला, आणि वाजतच राहिला, आणि उभयता एकमेकांचा हात धरून त्याकडे पाहात बसली.

मग पंतांचे मोबाइलावरून चारुशीलाबाईंस वर्तमान कळविले. ती आधी रागावली, मग आईचा आवाज ऐकून नरमली, आणि म्हणाली, "आई, तू रडू नकोस. तो लॅपटॉप पुन्हा नेटला जोडू नका. बँकेला आत्ता कळव, त्यांच्या वेबसाइटवरून नंबर घे, कुणी फोनवर सांगितलेला नको. पासवर्ड सगळे मोबाइलवरून बदलू, मी सांगते तसं कर." त्याप्रमाणे सारे केले. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. यंत्र ओळखीच्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेले. त्यांनी ते धुऊन काढावे तैसे साफ केले आणि आवाजाचा खण तपासिला, तो सगळाच्या सगळा जागेवर होता. तार काढल्याने काहीच नष्ट जाहले नव्हते. ती केवळ धमकी होती. मग त्यांनी तो खण एका पेनड्राइव्हवर उतरवून बाईसाहेबांचे हाती दिला. घरी येऊन पंतांनी कळ दाबिली, आणि यंत्र लगेच म्हणाले, पंखा कमी कर. थंडीचे दिवस, पंखा बंदच होता. बाईसाहेब हसल्या आणि देवापुढे साखर ठेविली. हिरव्या पट्टीचा, म्हणजे तार निघण्यापूर्वी किती आवाज बाहेर गेला याचा, विचार मात्र कोणी केला नाही.

पुढे काही दिवस लोटले. एके सायंकाळी चारुशीलाबाईंचा फोन आला. बाईसाहेब म्हणाल्या, "काय गं, या वेळी फोन?" ती म्हणाली, "आई, बाबा कुठे आहेत?" "हे काय, समोर. शेंगा सोलतायत." मग ती म्हणाली, "आत्ता मला बाबांचा फोन आला होता." अनसूयाबाईंनी फोनाचा स्पीकर चालू केला. चारुशीलाबाई सांगू लागली की अनोळखी क्रमांक होता, आणि पलीकडून बाबा म्हणाले, चारू, मी बोलतोय, मी अडचणीत आहे, तुझ्या फोनवर एक आकडा आलाय तो सांग. "आणि आई, ही वाक्यं आपण भरलीच नव्हती गं. बाबा कधी असं बोललेच नाहीत. चोरलेल्या आवाजावरून यंत्राने बनवली असणार." बाई म्हणाल्या, "मग तू सांगितलास आकडा?" "नाही. बाबा बोलू शकत नाहीत हे मला ठाऊक आहे ना. पण मी फोन ठेवला नाही, आई. मी ऐकत बसले. तो थांबला की मी म्हणायचे, काय म्हणालात बाबा, पुन्हा सांगा." आणि ती रडू लागली.

बाईसाहेबांनी पंतांकडे पाहिले. स्पीकर चालू होता. त्यांनी सर्व ऐकिले होते. ते यंत्राकडे गेले नाहीत. पाटी घेऊन बसले. मग त्यांनी लिहिले, मी कसा बोलत होतो? बाईंनी ते कन्येस वाचून दाखविले. ती म्हणाली, "छान बोलत होतात, बाबा. अगदी आजारापूर्वीसारखे." पंतांनी मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलू लागले, आणि आवाज काही निघेना.

येणेप्रमाणे स्वारीची हकीकत जाहली. तांबड्या पडद्यावरच्या क्रमांकास फोन करू नये, आपले यंत्र परक्याचे हाती देऊ नये, भय वाटल्यास आधी तार काढावी आणि मग विचार करावा, हे त्या राज्याने शिकून घेतले. आवाज घरी सुखरूप आहे, आणि तोच आवाज बाहेर कोणाच्या पदरी चाकरीस आहे, हे कळण्यास मार्ग नाही. सबब त्या तिघांनी आपसांत परवलीचा एक शब्द ठरविला आहे. आप्ताचा फोन आला तरी तो शब्द आधी विचारितात. तो येथे लिहिलेला नाही. बखर समाप्त.